घरघर मूळची की वायरीची?

एफपीजीए म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलून घेता येणारी चिप. जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रातल्या चिपा कशा वागायच्या हे प्रोग्रॅम लिहून वठवण्याऐवजी तशी सर्किटंच या चिपच्या पोटात उभी करायची, असा हा उद्योग आहे. त्यातला सगळ्यांत परिचित प्रकल्प म्हणजे अलेक्सेई मेलनिकोव यांनी २०१७ मध्ये सुरू केलेला मिस्टर. तो टेरासिकच्या डीई१०-नॅनो बोर्डावर चालतो. चित्र बहुधा पहिल्याच दिवशी झकास उमटतं. रडगाणं असतं ते आवाजाचं, आणि तेही हेडफोनच्या जॅकमधून येणाऱ्या अॅनालॉग आवाजाचं. कधी तो घरघरतो, कधी फाटतो, तर कधी मागे बारीक सूं-सूं चालू राहते. ही तक्रार दुरुस्त करायची की जुन्या यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून द्यायची, यावर या छंदातल्या माणसांत सरळ दोन तट आहेत. एका तटाची बाजू इथे ‘रसिक’ या नावानं मांडली आहे. दुसरी बाजू माझी.

रसिक : तुम्हा लोकांना जरा खरखर ऐकू आली की लगेच मल्टिमीटर आठवतो. जुन्या यंत्रांचा आवाज शुद्ध होता कधी? कमोडोर ६४ मधली सिड चिप घ्या, १९८२ ची, ६५८१. तिचं व्हॉल्यूम बदललं की आउटपुटला टक्क असा धक्का बसायचा. हा डिझाइनमधला दोष होता. पण पोरांनी तेच व्हॉल्यूम सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या धक्क्यांतून माणसाचा आवाज आणि ढोल वाजवले. पुढे ८५८० चिपेत दोष काढून टाकला, तर जुन्या गेममधली बोलणी जवळजवळ ऐकूच येईनाशी झाली. सेगाच्या मेगा ड्राइव्हची यामाहा वायएम२६१२ घ्या. तिच्या ९ बिटांच्या डॅकला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाला, शून्याच्या आसपास पायरी सुटलेली आहे, म्हणून स्वर विरत जाताना कडेला खरखर होते. ती खरखर ऐकत एक पिढी मोठी झाली. तुम्ही असे दोष ‘दुरुस्त’ करणार, आणि वर हेच खरं मेगा ड्राइव्ह म्हणून सांगणार. हे मला पटत नाही.

मी : सिड आणि यामाहाबद्दल तुमचा शब्दन्‌शब्द मान्य. पण ही दोन्ही उदाहरणं चिपच्या आतली आहेत, आणि ज्या घरघरीची तक्रार लोक करतात ती बहुतेक वेळा चिपच्या बाहेरची असते. मिस्टरमध्ये आवाज कसा बाहेर पडतो ते नीट बघू. गेमचं कोअर, म्हणजे त्या यंत्राचं उभं केलेलं सर्किट, शेवटी फक्त आकडे देतं: डाव्या बाजूला १६ बिट, उजव्या बाजूला १६ बिट. सिडचा धक्का असो की यामाहाची पायरी, ती या आकड्यांतच असते. मग हेच आकडे तीन दारांनी बाहेर जातात. एक दार एचडीएमआयचं, दुसरं ऑप्टिकलचं, तिसरं अॅनालॉगचं. पहिल्या दोन दारांतून आकडे आकड्यांच्याच रूपात निघतात. तिसऱ्या दाराशी मात्र चिपची एक साधी पिन असते, आणि तिला दोनच गोष्टी ठाऊक असतात: शून्य व्होल्ट किंवा ३.३ व्होल्ट. तीच पिन सेकंदाला २,४५,७६,००० वेळा चालू-बंद करायची सोय केलेली आहे. ४८,००० हर्ट्झच्या हिशेबानं आवाजाच्या एका नमुन्याला ५१२ संधी मिळतात. आकडा मोठा असेल तर त्यांतल्या जास्त संधींना पिन चालू, लहान असेल तर कमी. पुढे रेझिस्टर आणि कपॅसिटर हा सगळा थयथयाट गाळून त्याची सरासरी काढतात, आणि तीच तुमच्या कानात जाते. याला सिग्मा-डेल्टा म्हणतात. स्वस्त आहे, पण मोठा हुशार उपाय आहे. त्याची मेख अशी की ‘चालू’ म्हणजे नेमकं किती, हे ठरतं ३.३ व्होल्टच्या सप्लायवर. सप्लाय थरथरला की आवाज थरथरला, मध्ये अडवायला कोणी नाही. माझं म्हणणं एवढंच की आकड्यांत जे आहे तो इतिहास आहे, किंवा फार तर कोअर लिहिणाऱ्याची चूक आहे. पिनच्या पुढे जे शिरतं ते तुमच्या अडॉप्टरचं आणि वायरीचं. ते १९८८ च्या मेगा ड्राइव्हच्या खात्यावर टाकता येत नाही.

रसिक : रेघ कागदावर छान दिसते. पण माझ्याकडे कान आहेत, ऑसिलोस्कोप नाही. खरखर ऐकून मी कसं सांगू की ती रेघेच्या अलीकडची की पलीकडची?

मी : कानच पुरतात. अस्सल जुन्या यंत्रातून आवाज फक्त अॅनालॉग रूपातच बाहेर पडायचा, म्हणून तिथे ही परीक्षा शक्यच नव्हती. इथे तेच आकडे दोन दारांनी ऐकता येतात. गेममधली एकच जागा आधी एचडीएमआयवरून ऐका, मग जॅकमधून. दोन्हीकडे तीच खरखर असेल तर ती आकड्यांत आहे. जॅकमध्येच असेल तर बाहेरची आहे. पथ्य एकच: दोन्ही केबल एकदम लावून ठेवायच्या नाहीत. एचडीएमआयच्या केबलमधून टीव्हीची ग्राउंड बोर्डाला जोडली जाते, आणि कधी कधी घरघरीचं मूळ तीच जोडणी असते. लोक तुलना करायला म्हणून एचडीएमआय लावतात आणि त्याच हातानं दोष निर्माण करून बसतात. जॅक ऐकताना एचडीएमआयची केबल नुसती बंद ठेवून भागत नाही, ती उपसूनच काढावी लागते.

आता समजा दोष आकड्यांत निघाला. मग पुढचा प्रश्न: आवाज मोठा असताना फाटतो की हळू असताना? मोठा असताना फाटत असेल तर कुठेतरी बेरीज १६ बिटांच्या बाहेर जाते आहे, व्हॉल्यूम किंवा मिश्रण चुकलं आहे. हळू असतानाच चिंध्या होत असतील तर संशय चिन्हाचा घ्यावा. कोअर आपले आकडे पुढे देताना एक बिट सोबत देतं, त्याचं नाव एयूडीआयओ-एस. आकडे धन-ऋण आहेत की नुसते धन, एवढंच ते सांगतं. ते चुकलं तर काय होतं पाहा. शांत आवाज म्हणजे शून्याच्या अल्याडपल्याड चाललेली हालचाल, समजा अधिक ५ आणि उणे ५. धन-ऋण न मानता वाचलं तर अधिक ५ हे ५ च राहतं, पण उणे ५ चं होतं ६५,५३१. म्हणजे जवळजवळ शांततेतच आवाज तळापासून माथ्यापर्यंत उड्या मारतो. असा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आणि संगीत स्वच्छ असून फक्त साठवलेले नमुने, म्हणजे बोलणी, ढोल, स्फोट, एवढेच तुटत असतील, तर कोअरला हात लावण्याआधी रॅमच्या मॉड्यूलची चाचणी घ्यावी. चिप स्वतः तयार करते तो स्वर ठीक आणि मेमरीतून उचललेला बिघडलेला, ही खूण पुरेशी बोलकी आहे.

रसिक : थांबा, इथे तुम्ही स्वतःच अडकलात. हळू आवाजात खरखर ही तर यामाहाच्या पायरीचीही खूण. म्हणजे तुमच्या परीक्षेत इतिहास आणि चूक एकाच रांगेत उभे राहिले.

मी : उभे राहतात, पण उंची वेगळी असते. यामाहाची पायरी लहान आणि ठरावीक मापाची आहे. स्वर विरताना ती कडेला जाणवते, स्वराला गिळत नाही. चिन्हाची चूक आवाजाचा पत्ताच राहू देत नाही. तरी शंका उरली तर मेगा ड्राइव्हच्या कोअरमध्ये एफएम चिप निवडायची सोय आहे, वायएम२६१२ किंवा नंतरची सुधारलेली वायएम३४३८. दुसरी निवडल्यावर खरखर गेली तर ती पायरीचीच होती. मग ती ठेवा की घालवा, तुमचा प्रश्न. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे, मीही ठेवीन. पण ठेवायची की नाही हे ठरवायला ती आधी वेगळी काढता आली पाहिजे, आणि घरघर, सूं-सूं, पायरी असं सगळं एकत्र कालवून त्याला ‘रेट्रो’ म्हणण्यात ती सोय उरत नाही.

रसिक : मग एचडीएमआयच वापरा ना. दोन दारं स्वच्छ आणि तिसरं कटकटीचं, तर तिसऱ्यातून जायचं कशाला?

मी : ज्याच्याकडे सपाट टीव्ही आहे त्यानं खुशाल जावं, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पण या छंदातला मोठा वर्ग जुना काचेच्या नळीचा टीव्ही जपून आहे. त्याला एचडीएमआय नसतं, चित्र अॅनालॉग जातं आणि आवाजही त्याच्यासोबतच लागतो. शिवाय तिसऱ्या दाराची कटकट अवघड नाही, फक्त क्रमानं घ्यावी लागते. लोक क्रम उलटा धरतात. आधी परदेशातून नवा आयओ बोर्ड, म्हणजे जॅक असलेला अॅनालॉग बोर्ड, मागवतात, तो कस्टममधून सुटेपर्यंत तळमळतात, आणि तो लावल्यावर घरघर जिथली तिथे. कारण ती बोर्डात नव्हतीच.

क्रम असा. पहिल्यांदा जॅकची पिन. मिस्टरच्या अॅनालॉग बोर्डावरच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातच ऑप्टिकलचा दिवाही असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत गेली की नाही हे नजरेला नेहमी कळत नाही. हेडफोनची ग्राउंड तुटली तर मजेशीर गोष्ट घडते. दोन्ही कानांचे स्पीकर एकमेकांच्या मागे जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. मेगा ड्राइव्हचं स्टिरिओ संगीत पोकळ होतं, मधला स्वर गायब. पण निन्टेंडोचा फॅमिकॉम मोनो आहे, दोन्ही बाजू सारख्या, फरक शून्य, म्हणून तिथे आवाज जवळजवळ बंदच पडतो. एका कोअरमध्ये आवाज विचित्र आणि दुसऱ्यात नाहीच, असं झालं की माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. असतो तो लूज कॉन्टॅक्ट. दुसरं, जोडलंय कशाला ते बघा. माइकच्या भोकात लाइनचा आवाज दिला तर तो फाटणारच. आणि साध्या बोर्डाला थेट हेडफोन लावले तर जाड स्वर गळू शकतात. उदाहरणादाखल, वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल, तर ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. तोच कपॅसिटर १०,००० ओहमच्या अॅम्प्लिफायरला जोडला की ही उतरण २ हर्ट्झच्याही खाली जाते. बोर्ड तोच, कपॅसिटर तोच, बेस मात्र एकीकडे आहे आणि एकीकडे नाही.

तिसरी गोष्ट विजेची, आणि आपल्याकडे मुख्य गुन्हेगार तीच. दोन पिनांचा अडॉप्टर अर्थिंगला जोडलेला नसतो. त्याच्या आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टची बारीकशी गळती बोर्डाच्या ग्राउंडवर येते. धातूच्या केसला हात लावल्यावर झिणझिणतं ते हेच. पलीकडे अर्थिंग असलेला अॅम्प्लिफायर जोडला की ही गळती ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढते, आणि जाळीच तर आवाजाची परतीची वाट. पारख सोपी आहे: अडॉप्टर काढा, बोर्ड पॉवर बँकवर चालवा, आवाज हेडफोनवर ऐका. भिंतीशी नातं तुटलं. घरघर गेली तर ती अडॉप्टरची किंवा अर्थिंगची. तरीही सूं-सूं उरली तर ती बोर्डावरच्या सप्लायमधून पिनेत शिरते आहे. ऑप्टिकल केबलही हेच काम करते, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून ती उपाय आहे तशीच चाचणीही आहे.

रसिक : आणि पॉवर बँकेवरही घरघर गेली नाही, पण सूं-सूंही नाही, जाडच आहे, तर?

मी : तर ती चित्राची असू शकते. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज शेजारी-शेजारी जातात आणि मध्ये आडोसा नसतो, तेव्हा चित्राची लय आवाजात उतरते. पूर्ण पांढरा पडदा आणि पूर्ण काळा पडदा यांत घरघर बदलली तर समजावं की चित्रच बोलतंय. पण त्याहून नेमकी खूण आपल्याला फुकट मिळाली आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. जपानी-अमेरिकी गेमचं चित्र सेकंदाला ६० वेळा. साठास पन्नास म्हणजे सहास पाच, म्हणजे विजेचा हम षड्ज धरला तर चित्राची घरघर कोमल गंधारावर लागते. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ पेलत नाही, तिथे १०० आणि १२० ऐकू येतात. प्रमाण तेच, गंधार तोच. तंबोऱ्याशी बसलेल्या कानाला हे ओळखायला यंत्र लागत नाही, बाकीच्यांना फोनवरचं ट्यूनर पुरतं. अमेरिकेत वीजही ६० चीच, त्यामुळे तिथल्या माणसाला हे दोन स्वर वेगळे काढणं फार जड जातं. तिकडे लिहिलेला ‘६० हर्ट्झ म्हणजे ग्राउंड लूप’ हा सल्ला इथे जसाच्या तसा उचलला तर माणूस चित्राच्या दोषासाठी अर्थिंग खणत बसेल.

रसिक : गंधार आवडला. पण माझा खरा आक्षेप अजून राहिलाय. तुमची रेघ पिनपाशी आहे. अस्सल मेगा ड्राइव्हमध्ये मात्र चिपच्या पुढे, बोर्डावर, रेझिस्टर-कपॅसिटरची गाळणी होती. पहिल्या मॉडेलमध्ये ती ३,००० हर्ट्झच्या आसपासच उंच स्वर खाली ओढायला लागायची. तो मऊपणा हीच त्या यंत्राची ओळख. तो चिपच्या बाहेर, म्हणजे तुमच्या न्यायानं वायरीचा कचरा!

मी : हा आक्षेप खरा आहे आणि त्यासाठी मला रेघ सरकवावी लागते. ती चिपच्या काठावर नसून कारखान्याच्या दारावर आहे. त्या मॉडेलच्या बोर्डावर ठरवून जे बसवून विकलं ते यंत्राचं. ग्राहकाच्या भिंतीतून जे आत आलं ते यंत्राचं नव्हे. मिस्टरनं नेमकं हेच केलंय. त्या गाळण्या आकड्यांतच गणित करून लावल्या जातात, तिन्ही दारांच्या अलीकडे, आणि मेगा ड्राइव्हला पहिलं मॉडेल की दुसरं हे मेनूतून निवडता येतं. म्हणजे मऊपणा एचडीएमआयवरही मिळतो. उलट आता जॅकची गाळणी त्यावर आणखी मऊपणा चढवत असेल, तर तो अस्सल यंत्राहून जास्त झाला. तुम्हाला जे हवं तेच बिघडतंय.

रसिक : कारखान्याचं दार म्हणता? मग महाराष्ट्रात १९९० च्या दशकात घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून जे वाजत होतं त्याचं काय? ते निन्टेंडोच्या कारखान्यातून आलेलं नव्हतंच. फॅमिकॉमचे क्लोन होते ते. त्यांतल्या कित्येकांत तर चौकोनी लहरींचे २५ टक्के आणि ५० टक्के हे दोन प्रकार उलटेपालटे झाले होते. मारिओचा रंगच वेगळा लागायचा. आमचा ‘मूळ’ तोच.

मी : तोही आकड्यांतच मावतो. उलटे बसलेले दोन प्रकार म्हणजे चिपमधली अदलाबदल, कोअरमध्ये तशीच करून घेता येईल. पण त्या क्लोनबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. ते आपल्या पाल टीव्हीसाठी बनलेले, चित्र सेकंदाला ५० वेळा, वीजही ५० ची. हम आणि चित्राची घरघर, दोन्ही षड्जावरच. आज तुमच्या सेटवर ६० च्या कोअरमुळे जो गंधार वाजतोय तो त्या घरांत कधी ऐकूच आला नव्हता. जुन्या आठवणीचा म्हणून जो सांभाळायचा, तो आत्ता जन्माला आलेला आहे.

रसिक : आपल्याकडे नसेल. पण मेगा ड्राइव्ह करणारी सेगा टोकियोची. टोकियोत वीज ५० हर्ट्झची आणि यंत्र ६० चं. त्यांच्या टेबलावर तुमचा कोमल गंधार वाजतच असणार.

मी : वाजला असेल. पण ओसाकात वीज ६० ची आहे, तिथे त्याच खोक्यातल्या त्याच यंत्राला तो गंधार लागला नसता. एका शहरात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते यंत्राच्या अंगचं कसं म्हणायचं? तरी तुम्हाला तो हवाच असेल तर आकड्यांत मिसळणारं कोणीतरी गाठा, आणि मेनूत तो बंद करायची सोय ठेवायला सांगा. अडॉप्टरकडून मागू नका. तो रोज वेगळा वाजतो.

रसिक : पॉवर बँक किती अँपिअरची लागेल?

मी : ५ व्होल्ट, २ अँपिअर. बॅरलची पिन तीच दिसली तरी १२ व्होल्टचा अडॉप्टर चुकून लावू नका, बोर्ड जाईल. आणि एचडीएमआयची केबल आधी काढा.